पाटे वाढविलेल्या जीपच्या मागील चाकांची जुळणी

मोटारीची पुढील चाके वेळोवेळी जुळवावी लागतात, हे सर्वश्रुत आहे. मागील चाके मात्र जात्याच सरळ असतात, असा समज रूढ आहे. धाराशिव जिल्ह्यात तो महाग पडतो. तुळजापूरच्या घाटातून वा बालाघाटच्या पठारावरील आडवाटांनी बोलेरोसारख्या गाड्या जड ओझी वाहतात, आणि ओझे पेलावे म्हणून मागे एखादा जादा पाटा घातला जातो किंवा पाटे व आस यांच्यामध्ये ठोकळा बसविला जातो. (मूळ रचनेत फेरबदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, याचा सोयीस्कर विसर पडतो.)

या गाड्यांचा मागील आस अखंड असतो. तो वाकलेला नसेल, तर दोन चाकांचा परस्परांशी असलेला कोन बदलत नाही. बदलते ती संपूर्ण आसाची दिशा. आसाचे स्थान निश्चित होते ते पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टाचे डोके आसाच्या बैठकीतील छिद्रात बसल्यामुळे. यू-बोल्ट केवळ आवळून धरतात. पाट्यांची जाडी वाढवून जुनेच आखूड यू-बोल्ट वापरले, अथवा ठोकळ्याची खुंटी छिद्रात सैल राहिली, की आस काही मिलिमीटर सरकतो.

एवढ्याने काय बिघडते? दोन चाकांमधील अंतर १,३०० मिलिमीटर धरू. आसाचे एक टोक ६ मिलिमीटर मागे गेल्यास सुमारे ०.२६ अंशांचा कोन होतो. गाडी सरळ नेण्यासाठी पुढील चाके तेवढीच वळवून धरावी लागतात. सुकाणूचे प्रमाण १८ ला १ असल्यास हातातील चक्र जवळजवळ पावणेपाच अंश तिरके राहते. बोलेरोच्या पुढील व मागील आसांत २,६८० मिलिमीटर अंतर आहे. म्हणजे मागील चाके पुढील चाकांच्या मागापासून सुमारे १२ मिलिमीटर बाजूने धावतात. स्थिर तिरकेपणा चालकाच्या अंगवळणी पडतो. सैल यू-बोल्टांमुळे ब्रेक दाबताच आसाची दिशा बदलणे, हा घाटाच्या उतारावरील खरा धोका होय.

तपासणीस ओळंबा व फीत पुरते. गाडी सपाट फरशीवर थोडी पुढे ढकलून थांबवावी. चेसीसच्या दोन्ही बाजूंच्या समान छिद्रांतून आणि मागील चाकांच्या मध्यबिंदूंतून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा कराव्यात व दोन्ही बाजूंची अंतरे ताडून पाहावीत. पुढील चाकांपासून मोजू नये. तीही सरकलेली असू शकतात.

दोष आढळल्यास यू-बोल्ट ढिले करून सेंटर बोल्ट नीट बैठकीत आणावा; झिजलेला बोल्ट व पाट्यांचे बुश बदलावेत. पुरेशा लांबीचे नवे यू-बोल्ट, गाडीचे वजन चाकांवर असताना, आळीपाळीने समोरासमोर आवळावेत आणि काहीशे किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत. पुढील चाकांची जुळणी यानंतरच करावी. आधी केल्यास चक्र सरळ होते, पण आस तिरकाच राहतो आणि दोष झाकला जातो.