नरक्याचे औषध पेशीत शिरते कसे?

आमच्या तासगावात बेदाणा करणाऱ्याला हे ठाऊक असते की, द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर आतले पाणी सहजी बाहेर सोडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून मगच रॅकवर टाकतात. माणसाच्या पेशीभोवतीही स्निग्ध पदार्थांचे दुहेरी पटल असते. औषध कितीही जालीम असो, ते पटल ओलांडले नाही तर फुकट.

सह्याद्रीतल्या नरक्याचा अभ्यास करताना मला हे नीट उमगले. त्यातले कॅम्प्टोथेसिन वॉल आणि वानी यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून वेगळे केले होते. ते नरक्यातही असल्याचे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले.

या रेणूत एक कडे आहे. ते मिटलेले असते तेव्हा रेणू पटलातून आपोआप झिरपतो. पण रक्त किंचित अल्कधर्मी असते. तिथे कडे उघडते, रेणूवर विद्युतभार येतो आणि तो बाहेरच अडतो. शिवाय रक्तातले अल्ब्युमिन या उघड्या रूपाला धरून ठेवते. १९७०च्या सुमारास रुग्णांना दिले गेले ते हेच उघडे, पाण्यात विरघळणारे रूप. गुण फारसा आला नाही. उलट आम्लधर्मी लघवीत कडे पुन्हा मिटून मूत्राशयाला इजा झाली. पुढे कडे मिटलेले असतानाही विरघळणारी टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे घडवली गेली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली.

आत शिरल्यावर काय होते? डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी एक विकर त्याचा एक धागा कापते आणि पुन्हा जोडते. औषध त्या कापात पाचरीसारखे बसते. पेशी विभागू लागली की काप कायमचा होतो आणि पेशी मरते. केसांच्या मुळांतील आणि आतड्यांतील पेशीही सतत विभागतात, म्हणून त्यांनाही झळ बसते. काही गाठींच्या पेशी तर पटलातल्या प्रथिन-पंपांनी औषध बाहेर फेकतात.

घरी रुग्ण असलेले लोक मला विचारतात, ‘नरक्याची साल उगाळून देऊ का?’ मी स्पष्ट सांगतो, नका देऊ. सालीत विष आहे, पण मात्रा नाही आणि कड्यावर ताबाही नाही. औषध झाडात जन्मले, तरी ते औषध झाले प्रयोगशाळेत. या गैरसमजापायी उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. आणि लाकडाच्या चोरट्या व्यापारापायी सह्याद्रीतला नरक्या मुळासकट जातो आहे.