मुहाजिराला बाजाराचा रस्ता दाखवा

मक्केहून हिजरत करून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना मदिनेतील अन्सारी भाऊ हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली, पण मालमत्ता घेतली नाही. फक्त बाजाराचा रस्ता विचारला. पनीर व तूप विकून सुरुवात केली आणि पुढे मोठे व्यापारी झाले.

आजच्या निर्वासितांनाही हाच रस्ता हवा आहे. जॉर्डनमधील जअतरी छावणी जुलै २०१२ मध्ये सीरियन निर्वासितांसाठी उघडली. अनेक वर्षे तेथे सुमारे ८० हजार लोक राहत होते. कोणी आखून दिला नव्हता, तरी मुख्य रस्त्यावर बाजार भरला. भाजी, सायकल दुरुस्ती, अगदी लग्नाचा पोशाख भाड्याने देणारी दुकानेही निघाली. छावणीतील दुकाने सुमारे ३ हजारांवर गेली. व्यापार आमच्या लोकांच्या रक्तात असतो, हे पुन्हा दिसले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडन येथे मोठा करार झाला. जॉर्डनने सीरियन लोकांसाठी २ लाख रोजगारांचे दार उघडायचे, युरोपने जॉर्डनच्या मालाला सवलत द्यायची. बाहेरचे कापड आणून शिवलेले कपडेही युरोपात बिनजकात जाणार होते. अट एवढीच, की कारखान्यात ठराविक प्रमाणात सीरियन कामगार हवेत.

कागदावर सौदा उत्तम होता. पण कारखाने घरापासून लांब, मजुरी कमी. मुलाबाळांच्या बायकांना ते जमेना. तयार कपड्यांच्या कारखान्यांचे गिऱ्हाईक आधीपासून अमेरिकेत होते. युरोपची निर्यात थोडीच झाली. परवाने जास्त निघाले ते शेती आणि बांधकामात.

आम्ही कापडवाले यातून एक गोष्ट शिकतो. सवलत म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. कारागिराला आधी काम करण्याची मोकळीक हवी, मग कच्चा माल, मग खरेदीदार. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीत तगले, कारण त्यांच्या कापडाला येथे बाजार मिळाला.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, आपल्या शहरात उखडून आलेला कारागीर दिसला, तर जकात जरूर द्या; ती त्याचा हक्क आहे. पण सोबत विचारा, हातात हुनर कोणता? त्याला सूत उधार द्या, मालाची ऑर्डर द्या आणि पैसे वेळेवर चुकते करा. इन्शाअल्लाह, पुढच्या रमजानात तोच जकात देणारा होईल.