रांगडा सरतो, उन्हाळ येतो

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात लासलगावच्या बाजार आवारात एकाच रांगेत दोन हंगामांचे कांदे उभे असतात. पुढच्या ट्रॉलीत गडद लाल, मानेला जाडसर असा रांगडा. तिच्या मागे फिकट लाल, घट्ट, अंगावर दोन-तीन पापुद्रे चढलेला उन्हाळ. रांगडा घरी परत नेऊन उपयोग नाही, तो सडणार. उन्हाळ नीट सुकवला असेल तर दिवाळीपर्यंत थांबतो. ज्याला थांबता येते आणि ज्याला येत नाही, असे दोन शेतकरी शेजारी-शेजारी ट्रॅक्टर लावून उभे असतात आणि बोली दोघांचीही एकाच दिवशी, एकाच रांगेत लागते. संपादकांनी मला पाठवले होते भाव का पडतो हे विचारायला. भाव निघतो कसा, हे पाहण्यातच माझा बराच वेळ गेला.

समितीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. निफाड तालुक्यातली ही बाजार समिती १९४७ सालची. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे स्टेशन जवळ, भोवती येवला, चांदवड, सिन्नरचा कांदा पिकवणारा पट्टा, त्यामुळे बाजार वाढत गेला. विंचूर आणि निफाडला तिचे उपबाजार आहेत. आज देशात कांद्याची बातमी करायची तर आधी लासलगावचा भाव विचारतात.

हा भाव ट्रॉलीपाशी ठरतो, आणि एका ट्रॉलीला त्यासाठी जेमतेम एक मिनिट मिळते. शेतकरी मालावर चढून उभा असतो. समितीचा लिलाव पुकारणारा कर्मचारी पुढे, त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका. वरचा कांदा कोणी बघत नाही, कारण वर चांगलाच माल असणार हे सगळ्यांना माहीत असते. कोणी फाळक्याच्या फटीतून, कोणी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कांदा काढतो. अंगठ्याने मान दाबून पाहतो. मान मऊ लागली तर आत ओल आहे, तो कांदा टिकणार नाही. पत्ती सुटलेली आहे का, जोड किती, फुलाचा दांडा आलेले डेंगळे किती, गोल्टीचे म्हणजे बारीक कांद्याचे प्रमाण किती, हे सगळे दोन-तीन कांद्यांवरून ताडायचे. तोवर बोली सुरू झालेली असते.

मला सर्वांत कौतुक वाटले ते पुकारणाऱ्याचे. तो कांद्याकडे बघतच नाही, त्याची नजर माणसांवर असते. एकाने भुवई उचलली, दुसऱ्याने बोट हलवले, की आकडा पंचवीस-पन्नासाने वर जातो. कोणाचा आकडा कोणता, हे त्याला दहा-पंधरा चेहऱ्यांच्या गर्दीत पक्के लक्षात राहते. शेवटचा आकडा दोनदा उच्चारून तो पावती करायला सांगतो आणि पाय पुढच्या ट्रॉलीकडे वळलेले असतात. सकाळभर उन्हात, धुळीत, ट्रॅक्टरांच्या धुरात हे चालते. आवाज बसतो, पण लय सुटत नाही. त्याने दोन आकडे गाळले किंवा एखादा इशारा चुकवला, तर वीस-पंचवीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे शेतकऱ्याच्या हातचे हजार-दीड हजार रुपये सहज जातात. हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याच्या वागण्यातून ते दिसते.

भाव पुकारला म्हणजे व्यवहार संपला असे नाही. ट्रॅक्टर काट्यावर जातो, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. फाळका उघडला की माल खाली ओघळतो आणि ट्रॉलीचा तळ पहिल्यांदा उजेडात येतो. तळाशी ओला, बारीक किंवा खाद म्हणजे खराब कांदा निघाला की वांधा. व्यापारी भाव कमी करू पाहतो, शेतकरी हटत नाही, प्रकरण समितीकडे जाते. पुष्कळ वेळा मधला आकडा धरून दोघे मोकळे होतात, कारण रिकामा ट्रॅक्टर संध्याकाळच्या आत गावी पोचायला हवा आणि व्यापाऱ्याचा ट्रक भरायचा असतो. खळ्यावर बायका ओळीने बसून निवड करत असतात: सुपर एकीकडे, गोल्टी दुसरीकडे, त्याहून बारीक चिंगळी आणि खाद वेगळी. लिलावात मिनिटभरात झालेला अंदाज बरोबर होता का, हे खरे तर या बायकांच्या हातांना कळते. त्यांना कोणी विचारत नाही.

वर्तमानपत्रात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव छापून येतात. त्यातला कमाल भाव हा बहुधा एखाद-दुसऱ्या वक्कलाचा, म्हणजे एखाद्या ट्रॉलीतल्या मालाचा असतो. शहरातला वाचक तोच वाचतो आणि शेतकऱ्याची चैन आहे असे समजतो. गावातला माणूस सरासरी बघतो.

उन्हाळ कांदा हा सगळा धीराचा माल आहे. डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्चअखेरपासून काढणी. निम्म्या माना पडेपर्यंत पाणी कधीच तोडलेले असले पाहिजे. उपटलेला कांदा शेतातच असा पसरतात, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर सावली धरते. मग बोटाच्या पेराएवढी मान ठेवून कापायचे, सावलीत सुकवायचे आणि कांदाचाळीत भरायचे. चाळ जमिनीपासून उचललेली हवी, खालून आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळला पाहिजे, थर चार-पाच फुटांच्या वर जाता कामा नये. नत्र उशिरा दिले असेल, काढणीच्या तोंडावर अवकाळी झाली असेल, तर ही सगळी मेहनत जुलैत वासावरून कळते. चाळीत सडणे, वजन घटणे आणि कोंब फुटणे ही तीन दुखणी. माल चांगला असला तरी काही घट धरूनच चालावे लागते.

याच लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखावेत म्हणून तो २००२ मध्ये सुरू झाला. पुढे २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले, तेव्हा फळातल्या किडीच्या बंदोबस्तासाठी विकिरणाची अट आली आणि कोकणचा हापूस पेट्यांतून लासलगावला येऊ लागला. कांद्यासाठी बांधलेले यंत्र नेमके कांदा काढणीच्या दिवसांत आंब्याच्या कामी आले. विकिरणाने कोंब थांबतात, पण सड आणि घट त्याने पुरती थांबत नाही; त्यासाठी पुढे थंड साठवण लागते, आणि ती हजारो टन स्वस्त कांद्याला परवडत नाही. म्हणून शेतकऱ्याची भिस्त अजून बांबूच्या चाळीवरच आहे.

रांगड्याला तर चाळीचाही आधार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. त्या हंगामात राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले.

थांबू शकणाऱ्या उन्हाळचे काय झाले, हे पुढच्या वर्षभरात दिसले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत. रोपे तयार होती, वाफे बांधलेले होते. कांदा निघेपर्यंत बंदी उठेल या हिशेबाने लागवडी झाल्या. मार्चच्या चौथ्या आठवड्यात, माल काढणीला आलेला असताना, बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली गेली. ती उठली ४ मे रोजी, तीही टनाला किमान ५५० डॉलर दर आणि ४० टक्के शुल्क या अटींसह. किमान दराची अट सप्टेंबरात गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झाले. त्यानंतरच्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अवकाळी पाऊस कोसळला आणि शेतात सुकत पडलेला कांदा भिजला.

गारपीट कोणाच्या हातात नाही. अधिसूचना मात्र कोणीतरी बसून काढते. शहरातल्या गिऱ्हाइकाला महाग कांदा नको, ही चिंता रास्त आहे, ती सरकारने करावीच. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतकरी रोप टाकतो, तेव्हा त्याला निर्यातीचे धोरण ठाऊक असले, तर किती एकर लावायचे आणि किती चाळीत ठेवायचे हे तो ठरवू शकतो. मार्चमध्ये बदललेला नियम त्याच्या काहीच उपयोगाचा नसतो, कारण तोपर्यंत कांदा ट्रॉलीत भरलेला असतो. म्हणून मागणी साधी आहे: उन्हाळ कांद्याच्या निर्यातीचा जो काही निर्णय घ्यायचा तो रोपे टाकण्याआधी जाहीर करा, आणि माल विकला जाईपर्यंत बदलू नका.