दुसऱ्याच्या सणाची सुट्टी

१७ जुलै २०२४, बुधवार. आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांची दाटी होती आणि राज्यभर सरकारी कचेऱ्या व बँका बंद होत्या. पण त्या एकादशीसाठी बंद नव्हत्या. महाराष्ट्राच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत आषाढी एकादशी नाहीच. त्या दिवशीची सुट्टी मोहरमची होती. गावातल्या विठ्ठलमंदिरात ज्या कारकुनाने त्या सकाळी घाई न करता रांग धरली, त्याला तो वेळ मोहरमने दिला होता.

नवं कॅलेंडर घरात आलं की आपण आधी लाल तारखा मोजतो. कुठली सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली, कुठली रविवारात बुडाली, एवढाच हिशेब करतो. त्या लाल चौकोनांमागे केवढा व्यवहार, केवढी खळबळ आणि केवढा समजूतदारपणा आहे, ते सहसा पाहत नाही.

सार्वजनिक सुट्टीचं कायद्यातलं मूळ देवाधर्मात नाही, पैशाच्या व्यवहारात आहे. सरकार दरवर्षी ही यादी काढतं ती १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५चा आधार घेऊन. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे? आदल्या कामाच्या दिवशी, असं हे कलम सांगतं. मग सुट्टी कशाला म्हणायचं, तेही तिथेच ठरवावं लागलं: रविवार, आणि सरकार राजपत्रात जाहीर करील ते दिवस. केंद्राने सोपवलेल्या अधिकारातून राज्य सरकार आपली यादी जाहीर करतं. २०२४च्या यादीत महाशिवरात्र आणि गुड फ्रायडे, महावीर जयंती आणि बकरी ईद, बुद्धपौर्णिमा, पारशी नववर्ष आणि गुरू नानक जयंती एकाखाली एक आहेत.

हुंडीला १८८१मध्ये मिळालेला रविवार मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र मिळाला नव्हता. तो मिळवला महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४मध्ये त्यांनी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्जविनंत्या केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. साहेबाचा रविवार चर्चचा होता. आपल्याकडे रविवार खंडोबाचा वार, आणि लोखंड्यांनी मागणी करताना हाही आधार घेतल्याचं सांगितलं जातं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. विसाव्याचा वार कुठला, हे ठरवतानाही कुणाचा तरी देव जवळ असतोच.

यादीतला खरा पेच आहे चंद्राचा. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. म्हणून ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. आपलं पंचांगही चांद्र महिनेच मोजतं. पण ऋतूंशी मेळ राहावा म्हणून सुमारे ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरतं. दोन अधिक महिन्यांच्या मधल्या काळात दोन्ही पंचांगांचे महिने हातात हात घालून चालतात. शिवाय मुसलमानी महिना चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे अमावास्येनंतर एखाददोन दिवसांनी सुरू होतो. त्यामुळे कधी जिल्हेजची १० तारीख, म्हणजे बकरी ईद, आषाढ शुद्ध एकादशीच्या आसपास येते, तर कधी रबिउल अव्वलची १२ तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, अनंत चतुर्दशीच्या.

२०२१मध्ये आषाढी २० जुलैला होती आणि बकरी ईद २१ला. २०२२मध्ये दोन्ही एकाच दिवशी, १० जुलैला आल्या, आणि २०२३मध्येही २९ जूनला. त्या दिवशी एकादशीचा मान राखून कुर्बानी पुढे ढकलायचं अनेक गावांतल्या मुसलमानांनी ठरवलं. मग २०२३चा अधिक श्रावण आला. त्याने ईद आणि एकादशी यांची फारकत केली आणि एकादशीशेजारी मोहरम आणून बसवला. त्याच अधिक महिन्यामुळे ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी जोडीला आल्या: २०२३मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरला, २०२४मध्ये १६ आणि १७ सप्टेंबरला, २०२५मध्ये ५ आणि ६ सप्टेंबरला.

मुंबईत या जोडीचा अर्थ भायखळ्याला जाऊन कळतो. ईद-ए-मिलादचा जुलूस तिथल्या खिलाफत हाउसपासून निघतो. लालबागच्या राजाची मिरवणूक गिरगाव चौपाटीकडे जाताना याच भायखळ्यातून जाते, आणि तिथल्या हिंदुस्थानी मशिदीपाशी तिचं स्वागत होतं. अरुंद रस्ते, लाखोंची गर्दी, दोन्हीकडे तरुणांचा उत्साह, आणि बंदोबस्ताला पोलीस तेवढेच. २०२३मध्ये मुस्लिम समाजाच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन जुलूस एक दिवस पुढे नेला आणि सरकारने २९ सप्टेंबरची सुट्टी जाहीर केली. २०२४मध्ये मुंबई शहर व उपनगरांत मिलादची सुट्टी १६ ऐवजी १८ सप्टेंबरला गेली, आणि २०२५मध्ये ५ ऐवजी ८ला. तीन वर्षं, तीन वेळा.

सरकारी भाषेत ही एका ओळीची दुरुस्ती आहे. 'ऐवजी' या शब्दापलीकडे तिच्यात काही नाही. पण पैगंबरांच्या जन्मदिवसाचा जुलूस दोन-तीन दिवस मागाहून काढायला कबूल होणं ही साधी गोष्ट नाही. ज्यांनी ते केलं त्यांचे आपण सर्वांनी आभार मानायला हवेत. आणि सणाला घरातला वडीलधारा उशिरा आला तर पंगत थांबवतो तसं, शेजाऱ्यासाठी थांबण्याची पाळी पुढे आपल्यावर येईल तेव्हा आपणही ती आनंदाने घ्यायला हवी. कुरुंदवाडला गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले की मशिदीत गणपती आणि पीर शेजारी बसतात. तिथे कुणी राजपत्राची वाट पाहिली नाही.

सुट्ट्या फार झाल्या, अशी तक्रार दरवर्षी होते. कामाचे दिवस मोजायलाच हवेत. पण यादीतून एखादा सण वगळायचा झाला तर आपण आधी कुणाचा सुचवतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावं. ज्या घरी तो सण नाही, त्या घराला त्याची सुट्टी फुकटची वाटते. मला तिचा खरा अर्थ तिथेच दिसतो. माझ्या घरी ताबूत नाहीत, तरी मोहरमला माझी बँक बंद असते. त्या एका दिवसापुरता शेजाऱ्याचा शोक माझ्याही दिनक्रमात येतो.

२०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यानंतर मिलाद श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या शेजारी जाईल, आणि भाद्रपदात पुन्हा येईल ती तीसेक वर्षांनी. लालबागला आज जी पोरं वडिलांच्या खांद्यावर बसून मिरवणूक पाहतात, आणि भायखळ्याला जी हिरवे झेंडे धरून जुलुसात चालतात, ती तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. बैठक त्यांनाच घ्यावी लागेल. मागच्या वेळी काय केलं होतं, हे त्यांना विचारायला कुणी तरी जागेवर असलं पाहिजे.