निमंत्रितांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतील यश : एक मूल्यमापन

प्रस्तावना :
पात्रता स्पर्धेत प्रतिस्पर्धी नियमाने वा सोडतीने ठरतो. निमंत्रितांच्या स्पर्धेत तो यजमान निवडतो. त्यामुळे निमंत्रितांच्या स्पर्धेतील विजयाचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न उपस्थित होतो. भारतात भरलेल्या इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या आधारे त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्पर्धेची वाटचाल :
राष्ट्रीय संघांना निमंत्रित करणारा नेहरू चषक भारतात १९८२ साली कोलकात्यात सुरू झाला. तो चषक २०१२ साली शेवटचा खेळला गेला. पुढे जून २०१८ मध्ये मुंबईतील अंधेरी येथे भारत, केनिया, न्यूझीलंड व चायनीज तैपेई यांच्यात पहिला इंटरकॉन्टिनेंटल चषक झाला. सलामीला भारताने चायनीज तैपेईवर ५-० असा विजय मिळविला, परंतु प्रेक्षक सुमारे अडीच हजारच होते. कर्णधार सुनील छेत्री यांनी चित्रफितीद्वारे आवाहन केल्यानंतर केनियाविरुद्धच्या पुढील सामन्याची तिकिटे संपली. अंतिम सामन्यात भारताने केनियाला २-० असे नमविले; दोन्ही गोल छेत्री यांचे होते.

२०१९ मध्ये अहमदाबादला भारत चौथ्या म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. २०२० ते २०२२ या काळात स्पर्धा झाली नाही. २०२३ मध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला हरवून भारत पुन्हा विजेता ठरला, तर २०२४ मध्ये हैदराबादला सीरियाने चषक जिंकला.

विश्लेषण :
२०१८ पासून लागू असलेल्या फिफाच्या क्रमवारी पद्धतीत मैत्रीपूर्ण सामन्याचा भारांक ठरावीक आंतरराष्ट्रीय कालावधीत १० व त्याबाहेर ५ असतो. आशियाई चषकाच्या गटसामन्याचा मात्र ३५ असतो. विजयाचे मोल सर्वत्र सारखे नसते, हे या पद्धतीतच गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्ष अनुभवही तसाच आहे. जून २०२३ मधील विजेतेपदानंतर जानेवारी २०२४ मधील आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया या तिघांकडून पराभूत झाला आणि त्याला एकही गोल करता आला नाही.

निष्कर्ष :
तथापि अशा स्पर्धा निरर्थक ठरत नाहीत. सराव, नव्या खेळाडूंना संधी आणि प्रेक्षकांची जोपासना हे त्यांचे खरे फलित होय. जळगाव-धुळे परिसरातील महाविद्यालयांनी निमंत्रितांच्या स्पर्धा भरविताना हे ध्यानी घ्यावे. सहज हरविता येतील असे संघ बोलावून मिळविलेला करंडक कार्यालयाच्या कपाटाची शोभा वाढवितो. आपल्याहून सरस संघाशी झालेला सामना मात्र खेळाडूस त्याच्या उणिवा दाखवितो. निमंत्रण कोणास द्यावे, हे या कसोटीवर ठरविणे उचित होईल.