अवजारांचा गंज, ब्लास्टिंग कॅबिनेट आणि वाळूचा धोका

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून दुर्ग-भिलाई परिसरात धातुकाम जाणणारे हात आणि भात-टोमॅटोची शिवारे शेजारी नांदत आहेत. त्यामुळे गंजलेले फाळ, पेरणीयंत्राचे फण व कडबाकुट्टीचे सुटे भाग स्वच्छ करण्यासाठी घरच्या कार्यशाळेत ब्लास्टिंग कॅबिनेट बसवणे येथे अवघड नाही. मात्र त्यात कोणते कण भरावेत, हा प्रश्न किमतीपेक्षा आरोग्याचा आहे.

धूळ कशी मारते?

धान्यातील किडींसाठी राख किंवा सूक्ष्म सिलिकायुक्त भुकटी वापरतात. तिच्या कणांमुळे कीटकाच्या त्वचेवरील मेणाचा पातळ थर खरवडला अथवा शोषला जातो, शरीरातील पाणी उडून जाते आणि कीटक मरतो. माणसाच्या बाबतीत धुळीचा मार्ग वेगळा आहे. शिवनाथेच्या वाळूत बहुतांश क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकी सिलिका असते. हवेच्या दाबाने ती धातूवर आदळली की तिचे तुकडे होतात. 5 मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसाच्या वायुकोशांत रुतून बसतात आणि तेथील ऊती कठीण होत जातात. हाच सिलिकोसिस. त्यावर रोग बरा करणारे औषध नाही. ब्रिटनने 1949 च्या नियमांनी ब्लास्टिंगसाठी वाळूचा वापर बंद केला. आपल्या कारखाना अधिनियम, 1948 मध्येही सिलिकोसिस हा अधिसूचित रोग ठरवला होता. म्हणून नदीची वाळू फुकट मिळाली तरी कॅबिनेटमध्ये भरू नये. त्याऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइड, गार्नेट किंवा, नाजूक भागांसाठी, काचेचे मणी वापरावेत. हे कण चाळून पुन्हा वापरता येतात.

उभारणी

1. हवा : 3 मिमी छिद्राच्या नोझलला 80 पीएसआय दाबावर मिनिटाला सुमारे 17 घनफूट हवा लागते. पंक्चरच्या दुकानातील छोटा कम्प्रेसर इतकी हवा देऊ शकत नाही. त्यावर थांबत थांबत काम करावे लागते. सलग कामासाठी साधारण 5 अश्वशक्तीचा कम्प्रेसर घ्यावा.
2. पाणी : पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने कणांचे गोळे होऊन नोझल तुंबते. कम्प्रेसर व कॅबिनेट यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि टाकीतील पाणी रोज सोडावे.
3. धूळ : दाराची रबरपट्टी व हातमोजे फाटलेले नसावेत. धूळ ओढणाऱ्या यंत्राला बारीक कण अडवणारा फिल्टर हवा. घरगुती व्हॅक्युम क्लीनर तीच धूळ खोलीत परत सोडू शकतो.
4. अर्थिंग : कणांच्या घर्षणाने स्थिर वीज साठते, म्हणून कॅबिनेटला अर्थिंग द्यावे.

वापर

भागावरील माती, ग्रीस व तेल आधी काढून तो कोरडा करावा. जाड लोखंडासाठी 60 ते 80 पीएसआय, पातळ पत्र्यासाठी 30 ते 40 पीएसआय दाब ठेवावा. नोझल सुमारे 15 सेंमी अंतरावर, किंचित तिरके धरावे आणि सतत हलते ठेवावे. काम थांबल्यावर धूळ ओढणारे यंत्र काही वेळ चालू ठेवूनच दार उघडावे. दार उघडताना व धूळ रिकामी करताना एन-95 मास्क लावावा. साफ केलेले लोखंड लगेच गंजू लागते, म्हणून त्याच दिवशी प्रायमर द्यावा.

काय आत ठेवू नये?

बेअरिंग व सीलबंद भाग ठेवू नयेत. जुन्या रंगात शिसे असल्याची शंका असेल, तर तो भागही ठेवू नये. फवारणी पंपाचा धातूचा सांगाडा स्वच्छ करायचा असेल, तर तो आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने धुवावा. अन्यथा कीटकनाशकाचे अवशेष धुळीत मिसळतात. पंपाचे नोझल मात्र कधीही ब्लास्ट करू नये. त्याचे छिद्र रुंदावले की औषध जास्त पडते आणि थेंब असमान होतात. ते मऊ ब्रशने धुवावे. मिनिटभराचे प्रवाहमान नव्या नोझलपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक वाढले असेल, तर नोझल बदलावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी अवजार दुरुस्तीच्या प्रशिक्षणात यंत्र दाखवण्याआधी त्यातील कणांची पिशवी दाखवावी. गंजलेला फाळ पुन्हा घडवता येतो, कठीण झालेले फुप्फुस नाही.