जहाजावरील महार शिपाई

आपल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला वंदन करताना आपल्या डोळ्यांसमोर नदीकाठचे पायदळ उभे राहते. जहाज काही येत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेला वारंवार समुद्रापार जावे लागले आणि त्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. त्यांचा जहाजावरचा दिवस कसा जात असे, हे विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

१८०१ मध्ये मुंबईच्या पलटणी तांबड्या समुद्रातून इजिप्तला गेल्या. १८३९ मध्ये एडन, १८५६-५७ मध्ये इराण आणि १८६७-६८ मध्ये अबिसीनिया अशा मोहिमा झाल्या. जहाजांवरील कामासाठी तर १७७७ सालीच मरीन बटालियन ही खास पलटण उभारली गेली होती.

त्या काळी सवर्ण हिंदूंना सिंधुबंदी होती. १८५२ मध्ये बंगालच्या ३८ व्या पलटणीने ब्रह्मदेशाला समुद्रमार्गे जाण्यास नकार दिला. महार शिपायाला मात्र ही अडचण नव्हती. ज्याला देवळाची पायरीच बंद, त्याला समुद्र ओलांडून बाटण्याची भीती ती कसली?

आता दिनक्रम पाहू. जहाजावर काळ मोजला जाई तो घंटेने. दर अर्ध्या तासाला टोल पडत आणि चार तासांनी पहारा बदले. पहाटे बिगुल झाला की अंथरुणे गुंडाळायची, तक्तपोशी घासून धुवायची. नंतर न्याहारी, हत्यारांची साफसफाई आणि अधिकाऱ्यांची तपासणी. खालच्या मजल्यावर माणसे दाटीवाटीने राहत; तेथे उजेड कमी, हवा कोंदट. वारा खाली यावा म्हणून शिडाच्या कापडाच्या मोठ्या नळ्या सोडीत. शिपायांना पाळीपाळीने वर मोकळ्या हवेत आणीत. लाकडी जहाजाला आगीचे भय फार, म्हणून विडीकाडीला ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ असे. रात्री दिवे लवकर मालवले जात. समुद्र खवळला की चूल पेटवणे अवघड होई, मग भाजलेले चणे आणि गूळ यांवर भागवावे लागे. ज्यांना विटाळाची भीती, ते तर समुद्र शांत असतानाही शिजवलेले अन्न टाळीत.

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे गोडे पाणी. मुंबई ते एडन हे अंतर सुमारे तीन हजार किलोमीटर. चहूकडे पाणी, पण पिण्याजोगा थेंब नाही. पिंपांतले पाणी मोजून वाटले जाई आणि त्यावर शिपायांचा पहारा असे. अबिसीनियाच्या मोहिमेत तर झुला बंदरावर गोडे पाणी नसल्याने आगबोटींच्या यंत्रांनी समुद्राचे पाणी वाफ करून, ती थंडावून प्यायला दिले गेले. अशा पाण्यावर बंदूक घेऊन पहारा देणारा महार शिपाई रजेवर घरी आला, की गावच्या पाणवठ्याला त्याचा हात लागता कामा नये! या एका विसंगतीत त्या काळचा सारा समाज दिसतो.

परंतु फौजेने त्याला वेळेची शिस्त दिली, जग दाखवले आणि पलटणीच्या शाळेत अक्षरे दिली. याच लष्करी पिढीतून गोपाळबाबा वलंगकर पुढे आले. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही लष्करी शाळेतील शिक्षक होते. पुढे १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. ज्याच्या खांद्यावरून मोहिमा पार पडल्या, त्यालाच लढाऊ नव्हे असे ठरवण्यात आले. या अन्यायाविरुद्ध निवृत्त सैनिकांनी आणि समाजाच्या पुढाऱ्यांनी अर्ज केले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी प्राशन केले. पिंपावर पहारा देणाऱ्या त्या अनाम शिपायाची तहान त्या दिवशी खऱ्या अर्थाने भागली, असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरी जुने पेन्शनचे कागद किंवा पदक असेल तर ते जपून ठेवा. वडीलधाऱ्यांना पणजोबांची पलटण विचारा आणि लिहून काढा. आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे.

जय भीम!